मोरचुदाच्या पाण्यातले लोखंड



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय मागितला, तेव्हा कामगार चळवळीसंबंधी काहीतरी येईल अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही लिहून पाठवले, 'धातू एकमेकांना द्रावणातून कसे हुसकावतात'. चिटणीसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा संशय रास्तच होता. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढे जे शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर. रसायनशास्त्राशी आमची गाठ पडली ती एका पगारकपातीमुळे, आणि ती हकीकत सांगितल्यावाचून विषयाला हात घालता येणार नाही.

त्याआधी एक लहानसे काम उरकून घेतो. या टेबलावर काचेच्या पेल्यात मोरचुदाचे पाणी आहे. त्याचा निळा रंग मागच्या रांगेतूनही दिसत असेल. हा साधा लोखंडी खिळा पॉलिश पेपरने घासून लख्ख केला आहे. तो दोऱ्याला बांधून पाण्यात सोडतो. आता तो तिथेच राहू द्या.

१९९८ साली मुलामा देण्याच्या एका कारखान्यात आमची युनियन होती. कामगार त्याला 'प्लेटिंगचा कारखाना' म्हणत, आपणही तसेच म्हणू. लोखंडी मालावर तांबे, त्यावर निकल आणि सर्वांत वर क्रोम असे थर तेथे चढत. तांबे चढवण्याच्या टाक्या दोन होत्या. पहिली सायनाइडची, तिच्यात माल थोडा वेळ ठेवून तांब्याचा अगदी पातळ थर घ्यायचा. दुसरी तेजाबाची, म्हणजे मोरचूद आणि गंधकाचे तेजाब यांची. तिच्यात थर जाड करायचा. एके दिवशी वरून हुकूम आला की सायनाइडची टाकी बंद, माल सरळ तेजाबाच्या टाकीत सोडा. सायनाइड महाग, त्याचा हिशेब ठेवावा लागतो, त्याचे सांडपाणी निराळे शुद्ध करावे लागते. हे सारे वाचणार होते. खरे सांगायचे तर कामगारही खूश झाले. ज्या टाकीजवळ तंबाखू मळायलासुद्धा जीव घाबरतो, ती टाकी गेली तर कोणाला वाईट वाटेल?

दोन आठवड्यांत माल परत येऊ लागला. वरून आरशासारखी चमक, पण नख लावले की पोपडा सुटे. निकल आणि क्रोम तांब्याला चिकटलेले, पण तांबेच लोखंडाला धरून नव्हते. व्यवस्थापनाने चौकशी केली आणि निष्कर्ष काढला की कामगार माल नीट धूत नाहीत. तिसऱ्या पाळीच्या सात जणांच्या पगारातून नुकसानीची रक्कम कापली गेली. त्यांच्यातला एक जण, टाकीवर वीस वर्षे उभा राहिलेला, आम्हाला म्हणाला, "भाऊ, हात तेच आहेत. माल तोच आहे. मग थरच का धरत नाही, ते तुम्ही शोधा."

त्या वेळी लागू असलेल्या १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याप्रमाणे मालाच्या नुकसानीबद्दल पगार कापायचा, तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले असले पाहिजे आणि त्याला आपली बाजू मांडण्याची संधी मिळाली पाहिजे. म्हणजे सगळा वाद एका शब्दावर येऊन ठेपला: हयगय. ती हातांची की टाकीची? याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नव्हते. आम्ही वाचनालयात गेलो, आणि तेथून एका निवृत्त विज्ञानशिक्षकांच्या घरी. गुरुजींनी फारसे काही सांगितले नाही. त्यांनी चहाच्या कपात मोरचूद कालवले आणि खिशातला चाकू त्यात बुडवून बाहेर काढला. पाते तांबडे झाले होते. "आता रुमालाने पुसा," म्हणाले. आम्ही पुसले. तांबे रुमालाला लागले, आणि पाते होते तसे निघाले.

वीज नाही, टाकी नाही, आणि तांबे आपोआप चढले! पण धरले मात्र नाही. पोपड्याचे सगळे रहस्य त्या कपात होते.

आता ते उलगडून पाहू. मोरचूद म्हणजे तांब्याचा गंधकक्षार. तो पाण्यात विरघळला की त्यातले तांबे धातूच्या रूपात राहत नाही. तांब्याच्या प्रत्येक अणूजवळचे दोन इलेक्ट्रॉन गेलेले असतात. अशा अणूला आयन म्हणतात. पाण्याचा निळा रंग या आयनांचा. त्यात लोखंड बुडवले की लोखंडाचा अणू आपले दोन इलेक्ट्रॉन तांब्याच्या आयनाला देतो आणि स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतो. इलेक्ट्रॉन मिळालेले तांबे पुन्हा धातू होऊन लोखंडाच्या अंगावर बसते. निळे पाणी फिके पडत जाते आणि हळूहळू हिराकसाची हिरवट छटा येते, कारण हिराकस म्हणजे लोखंडाचा तोच क्षार. हिशेब चोख असतो: ५६ ग्रॅम लोखंड पाण्यात उतरते तेव्हा ६३.५ ग्रॅम तांबे बाहेर येते. उधारी नाही, सूट नाही.

पण ही देवघेव व्हायला लोखंडाला पाण्याचा स्पर्श पाहिजे. पहिले तांबे बसल्यावर लोखंड झाकले जाते. मग क्रिया थांबायला हवी. ती लगेच थांबत नाही, कारण हे तांबे भुसभुशीत आणि सच्छिद्र असते. छिद्रांतून पाणी आत शिरते, थराखालचे लोखंड विरघळत राहते, आणि वर बसलेल्या तांब्याचा पायाच पोखरला जातो. विजेने थर चढवताना इलेक्ट्रॉन बाहेरून, तारेतून येतात. लोखंडाला आपल्या पदरचे द्यावे लागत नाहीत. म्हणून तो थर घट्ट बसतो. आमच्या कारखान्यात वीज चालू होण्याआधीच, माल पाण्याला लागता क्षणी, हा भुसभुशीत थर बसत होता. पुढचे सगळे चांगले थर त्या कुजक्या पायावर उभे राहत होते. माल गंगेच्या पाण्याने धुतला असता तरी पोपडा सुटलाच असता.

ही क्रिया माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे, आणि फार काळ ती उलटीच समजली गेली. चीनमध्ये अकराव्या-बाराव्या शतकांत, सुंग राजवटीत, तांब्याच्या खाणींतून झिरपणाऱ्या निळ्या पाण्यात लोखंडाचे पत्रे ठेवून, त्यांच्यावर जमलेले तांबे खरवडून घेत. हा सरकारी उद्योग होता आणि ते तांबे नाण्यांसाठी लागे. युरोपात हंगेरीच्या राज्यातल्या, म्हणजे आजच्या स्लोव्हाकियातल्या, हेरेनग्रुंड गावच्या खाणीत असेच तांबे मिळे. त्याचे पेले करून त्यांवर 'पूर्वी मी लोखंड होतो, आता तांबे झालो' अशा अर्थाचे लेख कोरीत आणि ते श्रीमंत पाहुण्यांना विकीत. किमयागारांना याहून मोठा पुरावा कोणता हवा होता? लोखंडाचे तांबे होते, तर तांब्याचे सोने का होणार नाही!

त्यांच्या डोळ्यांची चूक नव्हती. डोळ्यांना दिसते ते तसेच दिसते: लोखंडाची पट्टी टाकली, तांब्याची पट्टी निघाली. त्यांनी पाण्याकडे पाहिले नाही. तांबे आधीपासून पाण्यातच होते आणि लोखंड नाहीसे न होता पाण्यात गेले होते, हे तराजू घेऊन पाण्याचीही झडती घेतली तेव्हा कळले. किमया नव्हती, जागांची अदलाबदल होती. हेच ज्ञान हाती घेऊन अठराव्या शतकात वेल्समधल्या अँगलसी बेटावरच्या पॅरिस डोंगरात, आणि स्पेनच्या रिओ टिंटो खाणींत, मोडक्या लोखंडाने भरलेल्या हौदांतून खाणीचे पाणी फिरवून तांबे काढीत. भंगार टाकायचे, तांबे उचलायचे. प्रत्यक्षात लोखंड हिशेबापेक्षा जास्तच खर्ची पडे, कारण खाणीच्या आंबट पाण्यात त्याला दुसरेही खाणारे असतात.

मग कोणता धातू कोणाला हाकलतो? रशियन रसायनशास्त्रज्ञ निकोलाय बेकेतोव्ह यांनी १८६५ साली या हुसकावणीवर प्रबंध लिहिला आणि धातूंची एक क्रमवार रांग मांडली. आपल्या ओळखीचे धातू घेतले तर ती अशी: मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम, जस्त, लोखंड, निकल, कथील, शिसे, तांबे, चांदी, सोने. रांगेत आधी असलेला धातू नंतरच्याला द्रावणातून बाहेर काढतो. उलट कधी होत नाही. तांब्याची तार चांदीच्या क्षारात सोडा, तारेवर चांदीच्या सुयांचे रान उगवते आणि बिनरंगी पाणी निळे होते. ६३.५ ग्रॅम तांब्याच्या बदल्यात सुमारे २१६ ग्रॅम चांदी मिळते, कारण चांदीच्या आयनाला एकच इलेक्ट्रॉन लागतो. पण चांदीची तार मोरचुदात वर्षभर ठेवली तरी काही घडणार नाही.

आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकायला जो जितका तयार, तो रांगेत तितका पुढे. आता गंमत पाहा. जो कशात उतरत नाही, झिजत नाही, काही देत नाही, त्या सोन्याला शास्त्राच्या पुस्तकांत 'उच्च धातू' म्हणतात. आणि पूल, नांगर, बादल्या होऊन जो राबतो आणि गंजतो, त्या लोखंडाला 'हीन'. ही नावे कामगारांनी ठेवलेली नाहीत एवढेच सांगतो. असो.

लोखंड आणि तांबे यांची गाठ न पडू देता ही देवघेव तारेतून करायला लावली, तर ती वीज होते. व्होल्टाने १८०० साली दोन धातूंच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापडे एकमेकांवर रचून विजेचा पहिला सलग प्रवाह मिळवला. १८३६ साली डॅनियलने जस्त एका क्षारात आणि तांबे मोरचुदात ठेवून घट तयार केला. त्याचा दाब सुमारे १.१ व्होल्ट येतो. जस्त आणि तांबे यांच्यामधले रांगेतले अंतर म्हणजे तेच १.१ व्होल्ट. रांगेतले अंतर आता व्होल्टमीटरवर मोजता येते, त्यासाठी कोणाचा शब्द प्रमाण मानण्याची गरज नाही.

पण रांग पाठ केली म्हणजे सगळे समजले असे मात्र नाही. येथे आम्ही स्वतः फसलो होतो. ॲल्युमिनियम तर लोखंडाच्याही पुढे. तेव्हा मोरचुदात ते धडाक्याने तांबे काढील असे समजून आम्ही स्वयंपाकघरातल्या जुन्या पातेल्याचा तुकडा टाकला. तासभर काहीच झाले नाही. गुरुजी म्हणाले, "चिमूटभर मीठ टाका." टाकले, आणि थोड्याच वेळात पाणी गरम झाले, बुडबुडे आले, तुकड्यावर तांबड्या भुकटीचा चिखल जमला. ॲल्युमिनियमच्या अंगावर त्याच्याच ऑक्साइडचे न दिसणारे, पण घट्ट पांघरूण असते. मीठ ते फाडते. पांघरूण असेपर्यंत पाण्याला धातू भेटतच नाही.

आणि दुसरी, त्याहून महत्त्वाची गोष्ट: द्रावण बदलले की रांगेतली जागाही बदलते. साध्या मोरचुदात तांब्याचे आयन मोकळे असतात, म्हणून लोखंड त्यांना चटकन बाहेर काढते. सायनाइडच्या द्रावणात तांब्याचा प्रत्येक आयन सायनाइडच्या मिठीत असतो, आणि ती मिठी इतकी घट्ट की लोखंड काही केल्या त्याला सोडवू शकत नाही. तेथून तांबे काढते ती फक्त बाहेरची वीज. म्हणून सायनाइडच्या टाकीत लोखंडावर भुसभुशीत थर बसत नाही. बसतो तो विजेचा, पातळ आणि चिवट. त्याने लोखंड झाकले गेले की मग तेजाबाच्या टाकीत तांब्याला तांबेच भेटते आणि भांडण उरत नाही. कारखान्यात ती पहिली टाकी का होती, याचे हे उत्तर.

याच मिठीच्या जोरावर सोनेही हलवता येते. ग्लासगोच्या मॅकआर्थर आणि फॉरेस्ट बंधू यांनी १८८७ साली शोधलेल्या पद्धतीत खनिजाची भुकटी सायनाइडच्या पाण्यात हवा देऊन ठेवतात. जे सोने एरवी कशाला भीक घालत नाही, ते त्यात विरघळते. मग त्यात जस्ताचा कीस टाकला की जस्त पाण्यात जाते आणि सोने बाहेर येते. कर्नाटकातल्या कोलारच्या खाणी २००१ साली बंद झाल्या, पण ही प्रक्रिया करून टाकलेल्या भुकटीच्या टेकड्या मागे राहिल्या आणि लोक त्यांना सायनाइडच्याच टेकड्या म्हणतात. सोने गेले त्या दिशेला लोकवस्ती गेली नाही. ती टेकड्यांपाशीच राहिली.

तर आमच्या चौकशीच्या दिवशी आम्ही कागदपत्रांबरोबर मोरचुदाची बाटली घेऊन गेलो. व्यवस्थापनाच्या इंजिनिअरसमोर कारखान्यातलाच, कारखान्यातच धुतलेला, त्यांच्याच माणसाने तपासलेला एक भाग बुडवला आणि पुसून दाखवला. तो इंजिनिअर सरळ मनुष्य होता. तो म्हणाला, "हे मी कॉलेजात शिकलो होतो." कापलेले पैसे परत मिळाले. पण ज्याने आम्हाला 'हात तेच आहेत' असे सांगितले होते, तो निकाल लागण्यापूर्वीच नोकरी सोडून गावी गेला होता. वीस वर्षांच्या कारागिराला धुता येत नाही असे सगळ्यांदेखत म्हटले होते. पैसे मनिऑर्डरने पाठवले. तो परत आला नाही.

आणखी एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. आमचा युक्तिवाद जिंकला, म्हणजे विषाची टाकी परत आली. थर का धरत नाही हे आम्हीच सिद्ध केले होते. तेव्हा ती टाकी नको असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार? त्या रात्री युनियनच्या खोलीत कोणी विजय साजरा केला नाही. एका तरुण कामगाराने विचारलेही, "भाऊ, पैसे मिळवून दिलेत की सायनाइड?" मग दुसरी मागणी तयार करायला बसलो. तेजाबाचा थेंबही सायनाइडमध्ये गेला तर त्यातून प्राणघातक वायू सुटतो, आणि त्याचा कडू बदामासारखा वास सगळ्यांनाच येतो असे नाही; काहींच्या नाकाला तो जन्मतः कळत नाही. म्हणून दोन टाक्यांमध्ये अंतर, मध्ये धुण्याची निराळी टाकी, दोन्हींची गटारे वेगळी, धूर खेचणारे पंखे आणि जेवणाची जागा दुसऱ्या इमारतीत, अशा मागण्या मांडल्या. बहुतेक मान्य झाल्या. पंख्यांना मात्र दीड वर्ष लागले. पुढे सायनाइड नसलेली आल्कधर्मी तांबेद्रावणे बाजारात आली. काही ठिकाणी लोखंडावर सरळ निकलचाच थर देतात, कारण निकल रांगेत लोखंडाच्या अगदी शेजारी, त्यामुळे हुसकावणी मंद होते. निकलही निरुपद्रवी नाही. त्याने कातडी फुटते आणि त्याच्या क्षारांची वाफ छातीत जाणे फार वाईट. पण माणूस उभ्या उभ्या मारण्याची त्याची ताकद नाही. मागणी करताना काय मागावे, हे या रांगेवरूनच कळले.

आपल्या भागात हीच क्रिया आणखी दोन ठिकाणी रोज चालते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या बाजूचे गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यात देशभर पसरले आहेत. परमुलखातल्या सराफ बाजाराच्या गल्लीत शिरावे आणि भट्टीवरून मराठी बोल ऐकू यावेत, असा अनुभव पुष्कळांना असेल. अशुद्ध सोन्यात चांदी मिसळून ते शोऱ्याच्या तेजाबात उकळतात. सोने तळाशी राहते, चांदी पाण्यात जाते. ती परत मिळवायला त्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या ठेवतात. चांदी राखाडी गाळ होऊन खाली बसते आणि पाणी निळे होते. त्या निळ्या पाण्यात भंगार लोखंड टाकले की तांबेही परत येते. एकाच खोलीत सबंध रांग खालून वर चढता येते. पण उकळताना जो तपकिरी धूर निघतो, त्याविषयी येथे मुद्दाम सांगतो. तो छातीत गेल्यावर थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, माणूस जेवून झोपतो, आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी भरते. बरे वाटले यावर विसंबू नका. धूर जास्त गेला असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात जा आणि कोणता धूर होता ते डॉक्टरांना सांगा. तुमच्या घरचे कोणी या धंद्यात परगावी असतील, तर आज रात्रीच फोन करून हे कळवा.

दुसरे ठिकाण द्राक्षबागांचे. केवड्यासाठी फवारतात ते बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्डो येथे मिलार्दे यांनी ते १८८५ साली प्रसिद्ध केले. ते लोखंडी पिंपात कालवायचे नाही, हे प्रत्येक बागाईतदार जाणतो: तांबे पिंपाला लागते आणि पिंपाला भोके पडतात. चुना पुरेसा झाला की नाही हे पाहायला घासलेला विळा मिश्रणात धरतात. पात्यावर तांबडे चढले तर मोकळे तांबे शिल्लक आहे आणि ते पाने जाळील. आणखी चुना घाला. पाते स्वच्छ निघाले तर फवारा. आमच्या कारखान्यातली सबंध चौकशी त्या विळ्याच्या पात्यावर अर्ध्या मिनिटात झाली असती. पण शेतकऱ्याचा विळा आणि कारखान्याची टाकी यांची भेट कोण घालून देणार?

वेळ झाल्याची चिठ्ठी आली आहे. आता हा खिळा बाहेर काढतो. पुढच्या रांगेतल्या मुलांना दिसतो आहे ना? पाण्यात होता तेवढा भाग तांबडा झाला आहे. आता रुमालाने पुसतो. हे पाहा, रुमालाला लागले. आणि खाली लोखंड, पण मघासारखे गुळगुळीत नाही, थोडे खडबडीत झाले आहे. जेवढे गेले तेवढे या पाण्यात आहे. ज्यांना हाताळून पाहायचे असेल त्यांनी सभा संपल्यावर यावे, मात्र नंतर हात धुवावेत. हे पाणी आम्ही नदीत ओतणार नाही. मोरचूद माशांना मारते. बाटलीत भरून, त्यात मूठभर खिळे टाकून घरी नेऊ, आणि निळा रंग पूर्ण जाईपर्यंत तसेच ठेवू.